घोट्याइतकं पाणी, खुब्याइतकं पाणी

कुत्रा मागच्या पायाने लंगडायला लागला किंवा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, की एक सल्ला हमखास मिळतो: "त्याला पोहायला न्या, पाण्यात सांध्यांवर भार येत नाही." मग फार्महाऊसचा पूल नाहीतर गावाकडचं तळं गाठलं जातं, पाण्यात चेंडू फेकला जातो आणि लॅब्रॅडोर काठावरून झेप घेतो. भार येत नाही हे खरंच आहे. पण त्या झेपेत आणि नंतर ओल्या काठावर चढताना बरा होत आलेला गुडघा पुन्हा बिघडू शकतो.

मागच्या पायात जो 'उलटा गुडघा' दिसतो, तो गुडघा नव्हे, घोटा आहे. कुत्रा बोटांवर चालतो, त्यामुळे त्याची टाच कायम उचललेली असते. खरा गुडघा त्याच्या वर, पुढच्या बाजूला, जवळजवळ पोटाच्या रेषेत असतो आणि खुबा शेपटीच्या बुडाच्या थोडा पुढे. ही तीन ठिकाणं हाताने चाचपून ओळखायला शिका.

उभ्या कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, 40 टक्के मागच्या. म्हणजे 30 किलोच्या लॅब्रॅडोरच्या मागच्या एकेका पायावर सुमारे 6 किलो. एक पाय दुखला की तो हा भार उरलेल्या तिघांवर ढकलतो. न वापरलेल्या मांडीचे स्नायू काही आठवड्यांतच डोळ्यांना दिसतील इतके आटतात. स्नायू आटले की धक्के थेट सांध्यावर येतात, सांधा आणखी दुखतो आणि पाय आणखी कमी टेकतो. हे चक्र तोडायचं तर पायावर भार यायलाच हवा, पण मोजून. औषधाची मात्रा असते तशी भाराचीही असते.

ती मात्रा ठरवण्याचं उत्तम साधन म्हणजे पाण्यातली ट्रेडमिल: काचेची टाकी, तळाला सरकता पट्टा. कुत्रा आत उभा राहिल्यावर पाणी भरतात आणि हव्या त्या उंचीला थांबवतात. कुत्र्यांवर केलेल्या मोजमापात असं दिसलं की पाणी घोट्यापर्यंत असेल तर पायांवर जमिनीवरच्या भाराच्या 91 टक्के भार राहतो, गुडघ्यापर्यंत असेल तर 85 टक्के आणि खुब्यापर्यंत असेल तर फक्त 38 टक्के. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी चढवून फरक पडला जेमतेम 6 टक्क्यांचा, पण गुडघ्यापासून खुब्यापर्यंत तब्बल 47 टक्क्यांचा.

कारण आर्किमिडीजचं. शरीर जितकं पाणी बाजूला सारतं, तितक्या पाण्याच्या वजनाइतका वरचा जोर त्याला मिळतो. पाय म्हणजे चार बारीक खांब. गुडघ्यापर्यंत बुडाले तरी आपल्या 30 किलोच्या कुत्र्याला साडेचार किलोचाच आधार मिळतो, म्हणजे साडेचार लिटर पाणी सारल्याइतका. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की पोट आणि छातीचं पिंप बुडायला लागतं. खुब्याच्या पातळीला साडेअठरा लिटरहून थोडं अधिक पाणी सारलं जातं आणि तितके किलो पायांवरून उतरतात. म्हणून भार घटवायचा असेल तर पाणी पोटाच्या वर हवं. गुडघाभर पाण्यात चालवून 'भार हलका केला' असं समजणं ही नुसती समजूत आहे.

उथळ पाण्याचाही उपयोग आहे, पण वेगळा. घोट्याइतक्या पाण्यात कुत्रा पंजा पाण्याबाहेर काढून पुढे टाकतो, त्यामुळे सांधे जास्त दुमडतात. आखडलेल्या पायाला हे फार मोलाचं. खोल पाण्यात आणखी दोन गोष्टी घडतात. 40 सेंटिमीटर खोलीवर पंजावर सुमारे 29 मिलिमीटर पाऱ्याइतका जादा दाब येतो आणि सूज उतरायला मदत होते. हाच दाब छातीवरही येतो, म्हणून हृदयविकार असलेल्या कुत्र्याला खोल पाण्यात घालण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. दुसरं म्हणजे पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: पट्टा दुप्पट वेगाने फिरवला तर विरोध साधारण चौपट. ट्रेडमिलचा वेग अतिशय कमी ठेवतात तो यासाठीच. सुरुवातीला दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये विश्रांती, एवढं पुरे. पाणी 28 ते 30 अंश सेल्सिअस. त्याहून बरंच गरम असलं तर धापा टाकूनच थंड होणारा हा प्राणी तापतो.

पोहताना यातलं काहीच हातात राहत नाही. गुडघा भरपूर दुमडतो, पण पूर्ण सरळ होत नाही, आणि ऑपरेशननंतर नेमकं सरळ होणंच अवघड असतं. बरेच कुत्रे पुढच्या पायांनीच वल्हवतात. टाके निघण्याआधी, उघडी जखम, ताप, जुलाब किंवा आटोक्यात नसलेली फिट असताना तर पाण्याचं नावच नको.

ट्रेडमिल जवळपास नसली तरी घरी बरंच करता येतं, मात्र डॉक्टरांनी निदान केल्यावरच. ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ, एका वेळी 10 ते 15 मिनिटं, शेक नंतर. सांधा हलवण्यासाठी कुत्र्याला चांगला पाय वर करून नव्हे, दुखरा पाय वर येईल असं कुशीवर झोपवा. एक हात सांध्याच्या वर, एक खाली, आणि सायकल चालवल्यासारखा पाय सावकाश दुमडा आणि सरळ करा. 10 ते 15 वेळा, दिवसातून दोन-तीनदा. त्याने मान वळवून पाहिलं किंवा ओठ चाटले की तिथेच थांबा, पुढे रेटू नका. पिल्लाची मांडी मोडून पाय महिनाभर बांधलेला राहिला, तर मांडीचा पुढचा स्नायू हाडाला चिकटून गुडघा कायमचा ताठ होऊ शकतो. तिथे हा व्यायाम कधी सुरू करायचा ते पहिल्याच भेटीत विचारा.

पट्टा लावून चालवताना अगदी हळू चालवा. वेग वाढला की कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारतो. संथ चालीत त्याला चौथा पाय टेकवावाच लागतो. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या या एका पंधरा मिनिटांच्या फेरीपेक्षा बऱ्या. पुढच्या टप्प्यात 'बस-ऊठ': भिंतीलगत, दुखरा पाय भिंतीकडे ठेवून बसवा म्हणजे तो बाहेर फेकता येणार नाही. पाच वेळा पुरे. दुसऱ्या दिवशी लंगडणं वाढलं तर व्यायाम निम्म्यावर आणा.

घरातला मोठा शत्रू म्हणजे गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी. जेवणाचं भांडं, झोपायची जागा आणि दार यांना जोडणारी रबरी मॅटची वाट करा, नखं कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस छाटा. मागचा भाग उचलायला पोटाखालून टॉवेलची झोळी घ्या.

पायाला काळा दोरा बांधणं किंवा चुंबकाचा पट्टा घालणं यांनी फाटलेला अस्थिबंध (हाडं जोडणारा लिगामेंट) सांधत नाही. केसांत दडलेला दोरा सुजलेल्या पायाला काचून जखम मात्र करतो. त्याहून घातक म्हणजे घरातली माणसांची गोळी. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

वजनाकडेही बघाच. 48 लॅब्रॅडोरवरच्या एका आजन्म अभ्यासात त्याच वेतातल्या जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खाणाऱ्यांपैकी निम्मे कुत्रे 13 वर्षांहून अधिक जगले, बाकीच्यांपैकी निम्मे 11.2 वर्षांहून अधिक; त्यांना संधिवाताच्या उपचाराची गरजही सुमारे तीन वर्षं उशिरा पडली. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागायला हव्यात.

दर पंधरा दिवसांनी, कुत्रा कुशीवर असताना, दोन्ही मांड्यांचा घेर शिंप्याच्या टेपने एकाच उंचीवर मोजून लिहून ठेवा आणि बाजूने व मागून चालतानाचा व्हिडिओ घ्या. दवाखान्याच्या टेबलावर बरेच कुत्रे लंगडायचं विसरतात.