पाणपक्षी मोजायला तज्ज्ञच लागतो?

‘पक्षीगणना हे तज्ज्ञांचं काम, हौशी माणसांचे आकडे कोण विचारतो?’ हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं आणि त्यापायी कितीतरी उत्साही माणसं घरीच बसतात. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना १९६७ पासून, तर आशियाई गणना १९८७ पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्याच बळावर चालू आहे.

याच आकड्यांवर मोठे निर्णय होतात. एखाद्या पाणथळीवर नियमितपणे २०,००० किंवा त्याहून अधिक पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या प्रजातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का तिथे असतील, तर ती जागा रामसर यादीसाठी, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीसाठी, पात्र ठरू शकते.

‘हजारोंचा थवा मोजणार कसा?’ एकेक पक्षी मोजायचाच नसतो. दुर्बिणीतून आधी दहा वारकरी (पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी) नीट मोजा. ते पाण्यावर किती जागा व्यापतात ते डोळ्यांत भरून घ्या आणि तेवढे तुकडे थव्यावर मांडत जा. थवा मोठा असेल तर शंभराचा तुकडा धरा. टिबुकली (एक छोटा पाणपक्षी) मात्र फसवते: इथे बुडी मारते, तिकडे वर येते. तिच्यासाठी थोडं थांबून पुन्हा मोजावं.

ओळख पटली नाही तर सरळ ‘अनोळखी बदक’ लिहा. अंदाजाने ठोकलेलं नाव जास्त नुकसान करतं. आणि एकही पक्षी दिसला नाही, तरी तो शून्य जरूर नोंदवा. गेल्या वर्षी गजबजलेलं तळं यंदा ओस पडलंय, हे त्या शून्यावरूनच कळतं.