न दुखणारे रक्त: मूत्राशयाच्या कर्करोगाविषयी

एप्रिल-मेमध्ये नाशिकचे ऊन तापले की घरोघरी कुणाला तरी उन्हाळी लागते. मग धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक, आणि दोन दिवसांत बरे वाटते. याच सवयीने लघवी लाल झाली तरी ‘उष्णता झाली’ म्हणून विषय मिटवला जातो. मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण मात्र बहुतेकदा हेच असते: काहीही न दुखता लघवीतून रक्त जाणे.

मुतखड्याची कळ आली की माणूस रात्री-अपरात्री दवाखाना गाठतो. जंतुसंसर्गात जळजळ होते, कधी थंडी वाजून ताप येतो. इथे तसे सहसा काहीच होत नाही. एक-दोनदा लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची होते आणि पुढे काही आठवडे, कधी काही महिने, अगदी स्वच्छ. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर उगवलेली ही गाठ बऱ्याचदा पाण्यात डोलणाऱ्या शेवाळासारखी तंतुमय असते. तिच्यातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि आपोआप बंद होते. गाठ तिथेच वाढत राहते. त्या दिवसांत जे औषध किंवा काढा चालू असेल, त्याला गुण आल्याचे श्रेय मिळते आणि तपासणी आणखी पुढे जाते.

लाल लघवी म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. बीट खाल्ले किंवा क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन घेतले तरी रंग बदलतो. पण चाळिशी ओलांडल्यावर लघवीतून एकदा जरी रक्त गेले, तरी त्याचे कारण सापडेपर्यंत थांबू नये. हा आजार पुरुषांत तीन-चार पट जास्त दिसतो. बायकांत मात्र तो उशिरा कळतो, कारण रक्ताचा संबंध पाळीशी जोडला जातो किंवा वारंवार इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या जातात. पाळी थांबलेल्या आईला किंवा मावशीला ‘कपड्यावर डाग दिसला’ असे सांगायला संकोच वाटतो, म्हणून घरातल्यांनीच मोकळेपणाने विचारायला हवे.

सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या मूत्राशयाचे काय बिघडणार, असे वाटते, कारण धूर तर छातीत जातो. पण धुरातली अॅरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायने फुप्फुसातून रक्तात मिसळतात, मूत्रपिंडे ती गाळून लघवीत सोडतात, आणि ती लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठून राहते. अस्तराच्या पेशींना हा स्पर्श रोज, वर्षानुवर्षे होतो. आपल्या जिल्ह्यात सिन्नर हे विड्या वळण्याचे जुने केंद्र. पानाची आहे, साधी आहे, म्हणून विडी सिगारेटपेक्षा सौम्य, असा समज इथे खोलवर रुजला आहे. तो चुकीचा आहे.

रसायनांचा हा धागा पहिल्यांदा कारखान्यात सापडला. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी कृत्रिम रंग बनवणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे मांडले. पुढे २-नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडीन ही त्यातली दोषी रसायने ठरली. संपर्क आणि गाठ यांत वीस वर्षे किंवा त्याहून जास्त काळ जाऊ शकतो. त्यामुळे रंग, रबर किंवा चामड्याच्या उद्योगात उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाने निवृत्तीनंतरही आपले जुने काम डॉक्टरांना सांगावे. इतरही कारणे आहेत: पिण्याच्या पाण्यातले आर्सेनिक, ओटीपोटावर पूर्वी दिलेले रेडिएशन, सायक्लोफॉस्फामाइडसारखे केमोथेरपीचे औषध. इजिप्तमध्ये शिस्टोसोमा या कृमीमुळे हा कर्करोग मोठ्या प्रमाणावर होत असे.

तपासणी लघवीपासून सुरू होते, मग सोनोग्राफी. पण लहान किंवा चपटी गाठ सोनोग्राफीत निसटू शकते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला आणि रक्ताचे कारण कळले नाही, तर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे सिस्टोस्कोपी, टाळू नये. लोकांना तिचीच भीती वाटते. लवचीक दुर्बीण असेल तर जागा बधिर करणारी जेली लावून काही मिनिटांत ती होते. गाठ दिसली की भूल देऊन, पोटाला छेद न देता, मूत्रमार्गातूनच ती खरवडून काढतात. या शस्त्रक्रियेला टीयूआरबीटी म्हणतात.

पुढचे सगळे एका प्रश्नावर ठरते: गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरली आहे का? पॅथॉलॉजीच्या अहवालात स्नायूचा तुकडा मिळाला की नाही, हे जरूर विचारा. तो मिळालाच नसेल तर उत्तर अर्धवट राहते आणि काही आठवड्यांनी पुन्हा खरवडावे लागू शकते.

निदानाच्या वेळी साधारण सत्तर टक्के रुग्णांत गाठ स्नायूपर्यंत पोचलेली नसते. त्यातल्या जास्त धोक्याच्या गाठींवर जो उपचार होतो, तो मला वैद्यकातला फार सुंदर शोध वाटतो. बाळाला क्षयरोगापासून वाचवण्यासाठी टोचतात ती बीसीजी लस १९२१ पासून वापरात आहे. त्यातलेच जिवंत पण दुर्बळ केलेले जंतू मूत्राशयात सोडले, तर तिथली प्रतिकारशक्ती जागी होऊन उरलेल्या कर्करोगपेशींवर तुटून पडते. मूत्ररोगतज्ज्ञ अल्वारो मोरालेस यांनी कॅनडातून १९७६ मध्ये याचे पहिले यशस्वी निष्कर्ष मांडले. बारीक नळीतून औषध सोडतात, रुग्णाने ते साधारण दोन तास धरून ठेवायचे, आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे, आणि पुढे ठरावीक अंतराने काही डोस. जळजळ, कणकण होते. ताप चढला किंवा टिकला तर लगेच डॉक्टरांना कळवायचे.

स्नायूत शिरलेल्या गाठीची लढाई मोठी असते. प्रकृती झेपत असेल तर आधी सिस्प्लॅटिन या औषधावर आधारित केमोथेरपी आणि मग मूत्राशय काढणे. आतड्याचा तुकडा वापरून लघवी पोटावरच्या पिशवीत वळवतात किंवा काहींना आतच नवे मूत्राशय बनवून देतात. पिशवीचे नाव ऐकून अनेक जण माघारी फिरतात आणि मोलाचे महिने जातात. निवडक रुग्णांत गाठ पूर्ण खरवडून केमो आणि रेडिएशन एकत्र दिले तर मूत्राशय वाचवता येते. हा पर्याय आपल्याला लागू आहे का, हे शस्त्रक्रियेआधीच विचारावे. आजार शरीरात पसरला असेल तर आता इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी, औषधे आहेत, पण ती महाग आहेत.

हा कर्करोग परत उगवण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतर साधारण तिसऱ्या महिन्यात पहिली दुर्बीण, आणि पुढे गाठीच्या प्रकारानुसार दर तीन ते बारा महिन्यांनी, कित्येक वर्षे. लघवी स्वच्छ आहे, काही दुखत नाही, म्हणून हीच तारीख चुकवली जाते. ती घरातल्या कुणीतरी कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि विडी त्याच दिवशी बंद करावी, कारण निदानानंतरही धूम्रपान चालू ठेवले तर गाठ परत येण्याचा धोका वाढतो.