व्हीटीपी ट्रान्स्परंटवर का टाकतात: थोडी पार्श्वभूमी

कुपवाड एमआयडीसीत किंवा मिरजेच्या एखाद्या हॉस्पिटलात नवीन नेटवर्क उभं करताना आपली पोरं पहिल्या पाच मिनिटांतच सिस्कोच्या स्विचचा व्हीटीपी (व्हीलॅन ट्रंकिंग प्रोटोकॉल, स्विचांनी व्हीलॅनची यादी एकमेकांना पाठवायची सोय) मोड ट्रान्स्परंट करून मोकळी होतात. का म्हणून विचारलं तर "सरांनी सांगितलंय". म्हणून हे लिहितोय. व्हीलॅन म्हणजे काय, ट्रंक पोर्ट कसा लावतात हे माहीत आहे असं धरून चालतो.

नव्वदच्या दशकात व्हीलॅन आले तेव्हा प्रत्येक स्विचवर जाऊन तेच नंबर, तीच नावं हातानं टाकायची. पाच स्विच असतील तर चालतंय, चाळीस असले की कुठंतरी एकावर ३० नंबर टाकायचा राहतो आणि मग दिवसभर शोधत बसा. टॅगिंगचं, म्हणजे ट्रंकवरच्या डेटाला व्हीलॅन नंबर चिकटवायचं खुलं स्टँडर्ड, ८०२.१क्यू, १९९८ ला आलं, त्याआधी बाजारातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचं, सिस्कोचं, त्याच कामाचं स्वतःचं आयएसएल होतं आणि व्हीटीपी पण त्याच कंपनीचं. नाव जरा फसवं आहे, यात ट्रंकिंग काही होत नाही, ट्रंकवरून फक्त व्हीलॅनची यादी फिरते. सर्व्हर मोडमधल्या स्विचवर एक व्हीलॅन बनवला की त्या डोमेनमधले, म्हणजे व्हीटीपीचं तेच नाव लावलेले, सगळे क्लायंट मोडमधले स्विच तो घेतात. पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचा ते मात्र ज्या त्या स्विचवर बसूनच, नवीन लोक इथं हमखास अडकतात.

आता खरी भांडणाची जागा म्हणजे रिव्हिजन नंबर. यादीत काही बदललं की हा नंबर एकानं वाढतो, आणि दोन स्विच भेटले की ज्याचा नंबर मोठा त्याची यादी खरी. यादी कुणी केली, कधी केली, कोण बघत नाही. क्लायंट नाव ऐकून वाटतं की हा बिचारा फक्त ऐकणारा, पण त्याचा नंबर मोठा निघाला तर सर्व्हरपण त्याचीच यादी घेतो. त्यात डब्यातून काढलेला स्विच सर्व्हर मोडमध्येच यायचा आणि त्याला डोमेनचं नाव नसेल तर ट्रंकवरून जे पहिलं कानावर पडेल ते लावून घ्यायचा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आलं तेव्हा एका संस्थेचं तळमजल्यावरचं रॅक बुडालं. पाणी ओसरल्यावर त्यांच्याच दुसऱ्या शाखेतला जुना स्विच मागवला, मी स्वतः त्यावर राइट इरेज (सेव्ह केलेली सेटिंग पुसायची कमांड) मारलं, रिलोड केला, कोरा झाला समजून वरच्या मजल्यावरच्या कोअरला (मुख्य स्विचला) जोडला. झालं. व्हीलॅनची यादी असते फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॉट डॅट या वेगळ्या फाइलीत, राइट इरेज तिला हात लावत नाही. डोमेन तेच, पासवर्ड कुणी लावलेलाच नाही, आणि याचा रिव्हिजन ६३, कोअरचा १९. शो व्हीलॅन मारलं तर अकाउंट्सचा २० नाही, कॅमेऱ्यांचा ४० नाही, जुन्या शाखेचे दोन आणि टोकन रिंगच्या जमान्यातले ते १००२ ते १००५ तेवढे दिसतात. केबलला लिंक आहे, पोर्ट अप आहे, व्हीलॅन इनॅक्टिव्ह. खाली लोक चिखल काढतायत आणि मी वर एका चिठ्ठीवरून नंबर परत टाकतोय. नंबर आले तसे पोर्ट आपापल्या जागी परत आले, एवढं नशीब.

कंपनीचं म्हणणं असं की जोडायच्या आधी रिव्हिजन शून्य करा, डोमेनचं नाव बदलून परत लावा नाहीतर एकदा ट्रान्स्परंट करून घ्या, हे कागदपत्रात लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, खरं आहे. पण एक पायरी विसरली की अख्खी इमारत बंद, त्यात दोष मी तरी विसरणाऱ्याला देणार नाही. ट्रान्स्परंटची सवय इथूनच लागली, त्यात स्विच स्वतःची यादी स्वतःकडे ठेवतो आणि दुसऱ्याचे निरोप फक्त पुढं ढकलतो.

व्हर्जन ३ मध्ये हे सुधारलं. डोमेनमध्ये प्रायमरी सर्व्हर एकच, तो मुद्दाम कमांड देऊन करावा लागतो, आणि बाकी कुणाचा नंबर कितीही मोठा असला तरी यादी बदलत नाही. आधी व्हीटीपी १००५ पर्यंतच चालायचं, आता ४०९४ पर्यंत जातं, शिवाय सरळ बंद करायला ऑफ मोड आला. पण तोवर लोकांच्या मनातनं हे उतरलं होतं. खुल्या बाजूला व्हीलॅनची माहिती स्विचांत फिरवायला आधी जीव्हीआरपी, मग २००७ ला एमव्हीआरपी आलं, मला आपल्याकडं ते एकाही साइटवर लावलेलं दिसलेलं नाही. मोठ्या डेटा सेंटरवाल्यांना ४०९४ पण कमी पडले म्हणून व्हीएक्सलॅन आलं, त्याचं आरएफसी २०१४ चं, नंबर २४ बिटचा म्हणजे दीड कोटीच्या वर.

आपल्या साइटवर प्रश्न वेगळाच असतो. एका रॅकमध्ये तीन कंपन्यांचे स्विच, आणि व्हीटीपी त्या एका कंपनीपुरतंच, त्यामुळं वापरायचं म्हटलं तरी अर्धे स्विच बाहेरच राहतात. म्हणून आता कुणी क्लाउड कंट्रोलर घेतं, कुणी स्क्रिप्टनं सगळीकडं एकच यादी ढकलतं, आणि त्या मोठ्या कंपनीचे जे स्विच रॅकमध्ये असतात ते ट्रान्स्परंटवर. जुना स्विच आणला तर व्हीलॅन डॉट डॅट हातानं डिलीट करून, रिलोड करून, शो व्हीटीपी स्टेटसमध्ये शून्य बघितल्याशिवाय मी केबल लावत नाही.