वाहन चालवताना मोबाइल वापरल्याचे ई-चलान: दंड, हरकत आणि लायसन्सवरील कारवाईची संपूर्ण प्रक्रिया

नो-पार्किंगचे चलान आले की पैसे भरले आणि विषय संपला, अशी बहुतेक वाहनधारकांची सवय असते आणि वाहन चालवताना मोबाइल वापरल्याचे चलान आल्यावरही ते तसेच करतात. या चलानाची गोष्ट मात्र वेगळी आहे. दंड भरल्यानंतरही लायसन्स निलंबित होण्याची कारवाई स्वतंत्रपणे चालू राहू शकते आणि ती चालू आहे हे अनेकांना परिवहन कार्यालयाची नोटीस हातात पडेपर्यंत कळत नाही. म्हणून महाराष्ट्रातील वाहनधारकांसाठी या कारवाईचे सर्व टप्पे, त्यांतील मुदती आणि प्रत्येक टप्प्यावर लागणारी कागदपत्रे येथे दिली आहेत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा वाहन चालवताना हातात धरलेल्या संपर्क साधनाचा वापर कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात, नाव घेऊन समाविष्ट करण्यात आला. लाल दिवा ओलांडणे आणि वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने वाहन नेणे ही कृत्येही त्याच कलमात आहेत. ही वर्गवारी कडक वाटत असेल तर एक साधा हिशेब करून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. आलेला संदेश कोणाचा आहे एवढेच पाहण्यासाठी तीन सेकंद नजर खाली गेली, तरी तेवढ्यात वाहन ५० मीटर पुढे गेलेले असते, आणि त्या ५० मीटरमध्ये रस्ता ओलांडणारे मूल चालकाने पाहिलेलेच नसते. वाहन चालवताना मोबाइल वापरणाऱ्या चालकाच्या हातून अपघात होण्याची शक्यता सुमारे चौपट असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कानाला हेडफोन लावून बोलणे हातात फोन धरून बोलण्यापेक्षा फारसे सुरक्षित नाही, असेही तीच संघटना सांगते, कारण बोलताना हात मोकळे असले तरी लक्ष मोकळे नसते.

काय चालते आणि काय चालत नाही

केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हातात धरण्याच्या साधनाचा वापर केवळ मार्ग पाहण्यासाठी करता येतो आणि तोही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशाच रीतीने. याचा व्यवहारातला अर्थ असा, की फोन डॅशबोर्डवर किंवा हँडलवर पक्का बसवलेला असावा, निघण्यापूर्वीच पत्ता टाकलेला असावा आणि वाटेत पत्ता बदलायचा झाल्यास वाहन रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवावे. मार्गच पाहत होतो असे सांगून एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने स्टिअरिंग फिरवणाऱ्याला या सवलतीचा आधार मिळणे कठीण आहे.

हेल्मेटमध्ये गालाशी फोन खोचून बोलणाऱ्या दुचाकीस्वारांचा असा समज असतो, की फोन हातात नसल्यामुळे आपण कायद्याच्या बाहेर आहोत. हा समज धोक्याचा आहे. लायसन्सवरील कारवाईसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम २१ मध्ये जनतेला उपद्रव किंवा धोका पोहोचवणाऱ्या कृत्यांची यादी दिली असून तिच्यात वाहन चालवताना मोबाइल फोनचा वापर असा सरळ उल्लेख आहे. तेथे फोन हातात असण्याची अट नाही. सिग्नलला थांबल्यावर वाहन चालवणे संपले असेही मानू नये, कारण इंजिन चालू असलेले, रांगेतले वाहन वाहतुकीचाच भाग असते.

दंड किती आणि शिक्षा कोणती

कलम १८४ नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, तर तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. मात्र याच कलमातील इतर कृत्यांना नसलेली एक सोय मोबाइल वापराच्या गुन्ह्याला आहे. कलम २०० खाली, न्यायालयात न जाता तडजोड शुल्क भरून हा गुन्हा मिटवता येतो. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार हे शुल्क दुचाकीसाठी १,००० रुपये, चारचाकीसाठी २,००० रुपये आणि अन्य वाहनांसाठी ४,००० रुपये असून तीन वर्षांत दुसऱ्यांदा पकडले गेल्यास ते १०,००० रुपये होते. अपघात होऊन कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर मात्र तडजोड शुल्काचा प्रश्नच उरत नाही. भारतीय न्याय संहितेखाली फौजदारी गुन्हा नोंदवला जातो आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याबद्दल कलम १०६ (१) मध्ये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

चलान आल्यावर पहिली पायरी

चलान दोन मार्गांनी होते. रस्त्यावर थांबवून पोलीस कर्मचारी ई-चलान यंत्रावर ते करतात, किंवा कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रावरून ते वाहनमालकाच्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर येते. दुसऱ्या प्रकारात केंद्रीय नियम १६७अ लागू होतो. त्यानुसार गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवणे अपेक्षित असून तीत स्पष्ट छायाचित्र, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या कलमाचा भंग झाला हे नमूद असावे लागते. ही नोटीस वेळेत मिळायची असेल, तर आरसीला, म्हणजे वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्राला, जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असला पाहिजे. जुना क्रमांक बंद पडल्यामुळे दंड साचत गेल्याची उदाहरणे सर्रास आढळतात.

संदेश आला की त्यातील दुव्यावर बोट ठेवू नये. वाहतूक चलानाच्या नावाने बनावट संदेश पाठवून मोबाइलमध्ये घातक अ‍ॅप उतरवायला लावण्याचे आणि त्यातून बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार घडत आहेत. पोलीस व्हॉट्सअ‍ॅपवरून अ‍ॅपची फाइल पाठवत नाहीत. आपण स्वतः राज्य वाहतूक पोलिसांचे ई-चलान संकेतस्थळ किंवा महाट्रॅफिक अ‍ॅप उघडावे, वाहन क्रमांकासोबत चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक भरावेत आणि प्रलंबित चलान आहे का ते पाहावे. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो, ही खूण लक्षात ठेवावी. परिवहन विभागाच्या वायुवेग पथकाने कारवाई केली असेल, तर ते चलान पोलिसांच्या संकेतस्थळावर न दिसता केंद्राच्या परिवहन ई-चलान संकेतस्थळावर दिसते. एका ठिकाणी काही आढळले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

चलान खरे असेल आणि चूक मान्य असेल, तर संकेतस्थळावर यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने शुल्क भरता येते, तसेच वाहतूक पोलिसांकडे प्रत्यक्षही भरता येते. पावती मात्र जपून ठेवावी, कारण पुढे लायसन्सच्या सुनावणीत किंवा गाडी विकताना तिची गरज पडते.

चलान चुकीचे असल्यास

हरकत घेण्याचा अधिकार वाहनमालकाला आहे आणि त्यासाठी महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे. हरकत घेण्यापूर्वी छायाचित्र मोठे करून नीट पाहावे. नंबरप्लेटवरील प्रत्येक अक्षर आणि अंक आपल्या वाहनाचाच आहे का, गाडीची बनावट आणि रंग जुळतो का, चालकाच्या हातात दिसणारी वस्तू खरोखर फोन आहे की पाकीट किंवा टोलची पावती आहे, फोन असल्यास तो हातात आहे की स्टँडवर, हे एकेक करून तपासावे. पोलीस कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर छायाचित्र काढून चलान करू नये, अशी सूचना २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांना देण्यात आली आहे. छायाचित्र अशा रीतीने काढले गेल्याची शंका असल्यास तसे तक्रारीत लिहावे.

तक्रारीसोबत चलान क्रमांक, आरसीची प्रत आणि आपल्या म्हणण्याला आधार देणारा कागद जोडावा. त्या दिवशी वाहन गॅरेजमध्ये असेल तर तेथील तारखेचे जॉबकार्ड, वाहन दुसऱ्या गावात असेल तर टोल किंवा पार्किंगची नोंद, आपल्या क्रमांकाची बनावट प्लेट कोणी वापरत असल्यास पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची प्रत, असे पुरावे उपयोगी पडतात. काही जण फोनच्या बिलातील कॉलची यादी जोडतात, पण तिने फारसे काही सिद्ध होत नाही. कॉल न करताही फोन वापरता येतो आणि आक्षेप वापराबद्दलचा आहे.

गाडी आधीच विकलेली असेल, तर नमुना २९ व नमुना ३० या मालकी हस्तांतराच्या अर्जांच्या प्रती आणि विक्रीचा कागद लागतो. हस्तांतराची नोंद आरटीओत झाली नसेल, तर नोंदीत मालक म्हणून आपलेच नाव दिसते आणि नोटीसही आपल्यालाच येते. कलम ५० नुसार त्याच राज्यातील विक्रीची माहिती विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यायची असते, हे फार थोडे जण पाळतात.

गाडी आपली, पण चालवत दुसरे कोणी असेल, तर प्रश्न नाजूक होतो. पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव, पत्ता आणि लायसन्सचा तपशील देणे कलम १३३ नुसार मालकाला बंधनकारक आहे. नातेवाइकाला वाचवण्यासाठी मालक गप्प राहून पैसे भरतात. त्यामुळे गुन्हा मालकाच्या नोंदीवर येण्याची शक्यता असते आणि फोन वापरणाऱ्याची सवय आहे तशीच राहते. भाड्याने किंवा चालक ठेवून वाहने चालवणाऱ्यांनी कोणत्या दिवशी कोणते वाहन कोणाकडे होते, याची वही ठेवावी.

तक्रार फेटाळली गेली आणि तरीही चलान मान्य नसेल, तर न्यायालयात बाजू मांडता येते. नोटिशीवर दिलेली मुदत पाळावी. लोकअदालतीतही प्रलंबित चलाने निकाली निघतात, परंतु तिथे गुन्हा घडला की नाही याचा निवाडा होत नाही, तडजोड होते. खरोखर निर्दोष असलेल्याने हा फरक ध्यानात घेऊन निर्णय करावा.

लायसन्सवरील कारवाई

या सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत गंभीर भाग आहे. कलम २०६ (४) नुसार कलम १८४ चा गुन्हा घडला असे मानण्यास कारण असल्यास पोलीस अधिकारी लायसन्स ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे, पाठवतात आणि चालकाला पोचपावती देतात. ही पोचपावती दाखवून गाडी चालवता येईल असा अनेकांचा समज आहे. कायद्यात नेमके उलट लिहिले आहे. लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचपावतीच्या आधारे वाहन चालवता येत नाही. लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर दाखवले असल्यास ही कारवाई ऑनलाइन नोंदवता येते, त्यामुळे कार्ड खिशातच राहिले म्हणजे लायसन्स सुरक्षित आहे असे नाही.

आरटीओ आपल्याला कारणे दाखवा नोटीस पाठवते. म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय निलंबन करता येत नाही, ही कलम १९ मधील तरतूद आपल्या बाजूची आहे आणि तिचा उपयोग अवश्य करावा. ठरलेल्या दिवशी नोटीस, पोचपावती, लायसन्सची प्रत, चलान आणि शुल्क भरल्याची पावती, ओळखपत्र, तसेच लेखी खुलासा घेऊन स्वतः हजर राहावे. खुलासा थोडक्यात आणि खरा असावा. घरात कोणी आजारी असल्यामुळे आलेला फोन घेतला असेल तर रुग्णालयाची कागदपत्रे जोडावीत, मात्र त्याने सूट मिळेलच असे गृहीत धरू नये. थांबून फोन घेता आला असता, हे उत्तर अधिकाऱ्याकडे तयार असते आणि ते रास्तही आहे.

पोलिसांनी पाठवलेल्या लायसन्सबाबत प्राधिकाऱ्याला दोनच मार्ग आहेत: खुलासा पटल्यास कारवाईतून मुक्त करणे, किंवा पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांकरिता अपात्र ठरवणे. गुन्हा दुसऱ्यांदा घडलेला असल्यास लायसन्स रद्दच होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीनेही २०१५ मध्ये राज्यांना मोबाइल वापराबद्दल किमान तीन महिने निलंबन करण्याचे निर्देश दिले होते. आदेश मान्य नसेल, तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत विहित प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते; आदेशाची प्रत त्यासाठी अनिवार्य असल्याने ती त्याच दिवशी मागून घ्यावी.

निलंबनाच्या काळात वाहन चालवल्यास कलम १८२ नुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. वाहन विम्याच्या करारात चालक लायसन्स बाळगण्यास अपात्र ठरवलेला नसावा अशी अट असते, त्यामुळे या तीन महिन्यांत अपघात झाला तर भरपाईचा बोजा चालक आणि मालक यांच्यावर पडू शकतो.

मुदत संपली की लायसन्स आपोआप परत मिळत नाही. अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चालक उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच ते परत दिले जाते, आणि तडजोड शुल्क भरलेले असले तरी या प्रशिक्षणातून सुटका नाही. म्हणून निलंबनाच्या पहिल्या महिन्यातच आरटीओत प्रशिक्षणाची चौकशी करावी. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, निलंबनाच्या आदेशाची प्रत आणि पोचपावती सादर करून लायसन्स परत घ्यावे, आणि लायसन्सच्या नोंदी असलेल्या सारथी या सरकारी संकेतस्थळावर त्याची स्थिती पुन्हा वैध दाखवली जात असल्याची खात्री करूनच वाहन बाहेर काढावे.