गुठळीच्या पलीकडे

जालन्याजवळ माझ्या काकांची मोसंबीची बाग आहे, सगळी ठिबकवर. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं. दोन उन्हाळे गेले की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं साचतं. काका नळी उकरून बघत नाहीत. आधी झाडं बघतात. ओळीतल्या कितव्या झाडापासून पानं मलूल आहेत, त्यावरून नळी कुठे चोक झाली ते सांगतात. मग ती कशाने चोक झाली, यावर उपाय ठरतो. नुसती माती असेल तर शेवटची टोपी काढून जोरात पाणी सोडायचं. क्षार असेल तर ॲसिड सोडून थांबायचं. शेवाळ असेल तर औषध वेगळं.

मागच्या हिवाळ्यात एका पहाटे काका उठायला गेले आणि खाली बसले. "उजव्या पायात जीवच राहिला नाही बघ," म्हणाले. गुडघ्याखाली असह्य कळ, पाऊल पांढरंफटक. घरच्यांना वाटलं, रात्रभर पाण्याच्या पाळीला उभे होते, थंडीने पाय आखडला. काकूंनी तेल चोळलं आणि गरम विटेने शेक दिला. शेकामुळे उलट धोका होता. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि रक्त पोचत नसलेल्या मांसाला ऊब दिली की त्याची ऑक्सिजनची भूक वाढते. आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं.

माझी चुलत बहीण नर्स आहे. ती आली, तिने दोन्ही पावलांवर हात ठेवला आणि पावलाच्या वरच्या बाजूची नाडी शोधली. डाव्या पायाची लागली, उजव्याची नाही. एक पाय कोमट आणि एक गार, तेही अचानक, एवढं पुरेसं होतं. तिने गाडी काढायला लावली.

पायाचं रक्त असं एकाएकी थांबलं तर स्नायू साधारण सहा तास तग धरतात. हा आकडा म्हणजे काही घड्याळाची रेघ नव्हे. पण त्यानंतर तासागणिक पाय वाचण्याची आशा घटत जाते. आमचे त्यातले अडीच तास घरातच गेले होते.

जांघेत भूल देऊन डॉक्टरांनी लहानशी चीर दिली, धमनी उघडी केली आणि तिच्यातून एक बारीक नळी खाली सोडली. काका जागे होते. अर्ध्या तासाने ट्रेमध्ये गडद लाल, गांडुळासारखी गुठळी पडली होती, वीतभर लांब. पाऊल हळूहळू गुलाबी झालं. त्या नळीची हकीकत मला तेव्हापासून सांगायची होती.

तिचं नाव फोगार्टी कॅथेटर. कॅथेटर म्हणजे शरीरातल्या वाटेत सरकवायची लवचीक नळी. तिची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. पायाच्या धमनीत वापरतात ती चार फ्रेंचची नळी म्हणजे सव्वा मिलिमीटरहून किंचित जास्त.

थॉमस फोगार्टी अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे. शाळकरी वयापासून ते तिथल्या एका रुग्णालयात काम करून पैसे मिळवत. तेव्हा गुठळी काढायची म्हणजे धमनी लांबलचक उघडायची, तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया करायची. एवढं करूनही कित्येकांचा पाय जायचा, कित्येकांचा जीवही. फोगार्टींनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे वैद्यकीचं शिक्षण घेताना त्यांनी लघवीच्या कॅथेटरच्या टोकाला शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्याची करंगळी कापून बसवली. नळी आणि रबर यांना एकत्र धरील असा चिकट पदार्थ मिळेना. फोगार्टींना लहानपणापासून मासेमारीचा नाद. गळाला लावायचे खोटे किडे बारीक दोऱ्याने बांधायची सवय बोटांत होती. त्याच गाठीने त्यांनी तो फुगा बांधला. १९६१ मध्ये ही नळी पहिल्यांदा माणसाच्या धमनीत गेली.

कल्पना ऐकायला साधी आहे. गुठळीला समोरून ढकलायचं नाही. ढकललं तर ती आणखी अरुंद वाटेत जाऊन घट्ट बसते. फुगा मिटलेला असताना नळी गुठळीच्या आरपार, पलीकडे न्यायची. तिथे मिलिलिटरच्या आसपास सलाईन भरून फुगा फुगवायचा आणि मागे ओढायचं. फुगा धमनीच्या भिंतीला अलगद घासत येतो आणि गुठळी आपल्यापुढे हाकत चिरेतून बाहेर काढतो. फुगा जास्त फुगला तर भिंतीचं आतलं अस्तर सोलवटतं. म्हणून ओढणारा आणि फुगवणारा हात एकाच माणसाचा असावा, असं शल्यचिकित्सक शिकवतात. विरोध जाणवला की तोच हात सलाईन किंचित कमी करतो. हे सगळं बोटांना कळायचं काम आहे.

आजही गुठळी किंवा खडा काढायची पुष्कळ साधनं 'आधी पलीकडे जा' याच युक्तीवर चालतात. पित्तनलिकेतला खडा काढायचा फुगा तसाच. मूत्रवाहिनीतला खडा पकडायची तारेची टोपली मिटून खड्याच्या पुढे जाते, तिथे उघडते आणि त्याला कवेत घेऊन मागे येते. मुतखडा आमच्याकडे घरोघरी माहीत असल्याने त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मेंदूत मात्र वीतभर जागा नसते. अर्धांगाच्या झटक्यात ज्या धमन्या बंद होतात, त्या आतून जेमतेम तीन मिलिमीटरच्या, वेड्यावाकड्या वळणांच्या आणि नाजूक. तिथपर्यंत जांघेतून किंवा मनगटातून जावं लागतं. संभाजीनगरच्या पाणचक्कीला पाणी खापरी नळांतून लांबून येतं. त्याहून जुन्या नहर-ए-अंबरी या जमिनीखालच्या पाणीवाटेत ठिकठिकाणी उतरून गाळ काढायची सोय होती. शरीरात अशी मधली तोंडं नाहीत. आत शिरायच्या जागा मोजक्या, आणि तिथून पुढे सगळी वाट एक्स-रेच्या पडद्यावर बघत काटायची.

मेंदूतली गुठळी काढायला २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं साधन बुचाच्या स्क्रूसारखं होतं. तारेचं वेटोळं गुठळीत रुतवायचं आणि ओढायचं. पुष्कळदा गुठळी तुटायची. खरा बदल झाला तो जाळीमुळे. धमनीच्या भिंतीला आलेल्या फुगवट्यावर उपचार करताना आधाराला ठेवायची एक जाळीदार नळी होती. तीच गुठळीत उघडली तर गुठळी तिच्या छिद्रांत अडकते, असं लक्षात आलं. आता बारीक नळी गुठळीपलीकडे नेतात आणि जाळी गुठळीच्या आत उघडतात. ती नीट रुतावी म्हणून काही मिनिटं नुसतं थांबतात. मग मागून पंपाने रक्त ओढत जाळी बाहेर घेतात. ओढताना सुटलेले तुकडे पुढे जाऊ नयेत म्हणून हे ओढणं. २०१५ मध्ये लागोपाठ पाच चाचण्यांचे निकाल आले. त्यांतल्या १२८७ रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की गुठळी काढलेल्यांपैकी तीन महिन्यांनी ४६ टक्के लोक आपली कामं आपण करू शकत होते. नुसत्या औषधावर राहिलेल्यांत हे प्रमाण साडेसव्वीस टक्के होतं. उपचारांच्या जगात इतका फरक क्वचितच दिसतो.

फक्त वेळ गाठायला हवी. मोठी धमनी बंद असताना मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं, जाळी सहा तासांच्या आत. मेंदूचा वाचवण्याजोगा भाग अजून शिल्लक आहे असं तपासणीत दिसलं तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. किनवटच्या माणसाचे नांदेड गाठण्यातच दोन-तीन तास जातात. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं जड झालं की आधी गावातल्या कुणाला तरी 'हात फिरवायला' बोलावलं जातं. हे मी माझ्या नात्यात दोनदा पाहिलं आहे. त्यातला राग अजून गेलेला नाही.

गुठळी जितकी जुनी तितकी ती घट्ट होत जाते. सुरुवातीला ती लाल पेशींनी भरलेली, मऊ, जेलीसारखी असते. नंतर तिच्यातले फायब्रिन या प्रथिनाचे तंतू आवळत जातात, ती रबरासारखी चिवट होते, भिंतीला चिकटते. काकांची गुठळी वीतभर सलग निघाली, कारण ती ताजी होती.

थोडी उसंत असेल तर आणखी एक मार्ग आहे, आणि तो काकांना फार आवडला. बाजूने बारीक छिद्रं असलेली नळी गुठळीच्या आत ठेवतात. तिच्यातून गुठळी विरघळवणारं औषध तासन्‌तास, कधी दिवसभर, थेंब थेंब सोडतात. "म्हणजे हे ठिबकच की," काका म्हणाले. ते खरंच ठिबक आहे. धोका रक्तस्रावाचा, म्हणून रुग्णावर सतत नजर ठेवावी लागते.

आता हृदयाकडे येतो, कारण इथे गैरसमज मोठा आहे. 'अँजिओप्लास्टी केली, ब्लॉकेज काढलं' असं आपण सहज म्हणतो. बहुतेक वेळा काहीच काढलेलं नसतं. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये जाग्या माणसाच्या हृदयधमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. तो फुगा त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुळवून तयार केला होता. तेव्हापासून आजपर्यंत फुगा चरबीचा थर भिंतीकडे दाबतो, आणि नंतरच्या काळात आलेला स्टेंट, म्हणजे आत ठेवायची जाळीदार नळी, ती भिंत टेकू देऊन धरून ठेवतो. थर तिथेच राहतो. म्हणूनच नंतरच्या गोळ्या सोडायच्या नसतात. गोळ्या बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते.

मग हृदयविकाराच्या झटक्यातली ताजी गुठळी नळीने ओढून का घेत नाहीत? कल्पना पटण्यासारखी होती, कित्येक वर्षं तसं केलंही. मग २०१३ आणि २०१५ मध्ये हजारो रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. सरसकट सगळ्यांची गुठळी ओढून मृत्यू कमी झाले नाहीत. दुसऱ्या चाचणीत तर अर्धांगाचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. आता ते गरजेपुरतंच करतात. पायात आणि मेंदूत जे चाललं ते हृदयात तसंच चालेल, असं गृहीत धरता आलं नाही. तिथे गुठळी बाहेरून वाहत आलेली नसते. ती फुटलेल्या थरावरच तयार झालेली असते, आणि तो थर गुठळी गेल्यावरही मागे राहतो.

काही थर इतके मुरलेले असतात की त्यात चुना धरतो, अगदी आमच्या ड्रिपरसारखा, आणि फुगा उघडतच नाही. तिथे टोकाला हिऱ्याचे कण लावलेलं दीड-दोन मिलिमीटरचं बोंड मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेत कठीण थर खरवडतं. धमनीची मऊ भिंत त्याला वाट देऊन बाजूला होते, कडक चुना होत नाही. दाढी करताना केस कापला जातो आणि कातडी दबते, तसंच हे. निघालेली भुकटी बहुतांशी रक्तपेशीहून बारीक असते आणि रक्तासोबत वाहून जाते.

काकांची गुठळी पायात तयार झालीच नव्हती. त्यांच्या हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. त्यामुळे ठोके अनियमित पडतात. कप्प्याच्या एका कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साचून गुठळी झाली, सुटली आणि वाहत पायात गेली. ती मेंदूतही जाऊ शकली असती. म्हणून आता त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. महिन्याला जालन्याला जाऊन आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासायचा आणि तो दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. डॉक्टरांनी पालेभाजी बंद केली नाही. ती रोज साधारण सारखीच खा, एवढंच सांगितलं, कारण पाल्यातलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. यंदा हरभऱ्याचा पाला आला तेव्हा काकूंनी आठवडाभर घोळाणा केला आणि आकडा दीडवर उतरला. आता ताटात घोळाणा येतो, पण काकू चमच्याने मोजून वाढतात.