फळी, दोर आणि शरीर : शिल्प व नृत्य एकत्र येण्याची पार्श्वभूमी

प्रायोगिक रंगमंचावर आज नर्तक शिल्पावर चढतात, त्याला लोंबकळतात, त्याचे वजन अंगावर घेतात. या प्रथेचे एक महत्त्वाचे मूळ १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये झालेल्या प्रयोगांत आहे. शिल्पकार त्याआधीही नृत्याकडे वळले होते. इसामू नोगुची यांनी १९३५ पासून आधुनिक नृत्याच्या नर्तिका मार्था ग्रॅहम यांच्यासाठी अप्रतिम नेपथ्ये घडवली. परंतु तेथे शिल्पाचे काम नृत्यातील आशयाला अवकाश देण्याचे होते.

हे नाते बदलले ते नर्तिका व नृत्यरचनाकार सिमोन फोर्टी यांच्यामुळे. अ‍ॅना हालप्रिन या नृत्यशिक्षिकेकडे मुक्त हालचालींचे शिक्षण घेऊन आलेल्या फोर्टी यांनी १९६१ च्या मे महिन्यात कलाकार योको ओनो यांच्या चेंबर्स स्ट्रीटवरील जागेत काही रचना सादर केल्या. त्यांपैकी ‘स्लँट बोर्ड’मध्ये प्लायवूडची एक तिरकी फळी होती व तिच्या वरच्या कडेला गाठी मारलेले दोर बांधलेले होते. ते धरून कलाकारांनी फळीवर वर-खाली, आडवे सरकत राहायचे, थकल्यास दोरालाच धरून विसावायचे, एवढीच सूचना होती. अभिनय नाही, कथा नाही. उतार आणि गुरुत्वाकर्षण जे करायला भाग पाडतील तेच नृत्य. एकाच वेळी शिल्प आणि नृत्य असलेली ही रचना मला त्या काळातील सर्वांत धाडसी कृतींपैकी एक वाटते.

या विचाराला हक्काची जागा दिली ती वॉशिंग्टन स्क्वेअरलगतच्या जडसन मेमोरियल चर्चने. रॉबर्ट डन यांच्या नृत्यरचनेच्या वर्गातील मंडळींनी ६ जुलै १९६२ रोजी तेथे पहिला प्रयोग केला, आणि त्यातून जडसन डान्स थिएटर हा प्रायोगिक नृत्यगट उभा राहिला. चित्रकार, शिल्पकार व संगीतकारही त्यात नर्तकांच्या बरोबरीने वावरत. फोर्टी यांचे पूर्वीचे पती, शिल्पकार रॉबर्ट मॉरिस यांनी १९६४ मध्ये ‘साइट’ या रचनेत प्लायवूडचे मोठे तक्ते स्वतः उचलून हलवले. त्याच वर्षी ग्रीन गॅलरीत मांडलेली त्यांची करडी प्लायवूड शिल्पे मिनिमलिझमच्या, म्हणजे साध्या भौमितिक आकारांवर भर देणाऱ्या कलाप्रवाहाच्या, इतिहासात अढळ झाली. त्या इतिहासात फोर्टी यांच्या फळीचा उल्लेख मात्र फार उशिरा होऊ लागला, याची खंत वाटते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या या नृत्यरचना २०१५ मध्ये संग्रहात घेतल्या. फळी व दोर पुन्हा बनवता येतात. त्यांवर कसे वावरायचे हे मात्र शिकवूनच पुढे द्यावे लागते, म्हणून त्या शिकवणीची तजवीजही संग्रहालयाला करावी लागली.