सी-४ जनुक आणि ‘घराण्यातलं वेड’

लग्नाची बोलणी सुरू झाली की पत्रिकेच्या जोडीने एक चौकशी दबक्या आवाजात होते: घरात कुणाला वेडाबिडाचं काही नाही ना? मुलाच्या काकाला स्किझोफ्रेनिया आहे एवढं कळलं तरी जमत आलेलं स्थळ मोडतं. या भीतीत तथ्य अगदीच नाही असं नाही, पण तिचा हिशेब साफ चुकतो.

स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एखाद्याला होतो. आईला किंवा वडिलांना तो असेल तर मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं, म्हणजे नव्वदजणांना तो होत नाही. काका-पुतण्याच्या नात्यात ते आणखी बरंच खाली येतं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असतात, तरी एकाला आजार झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. निम्म्या जोड्यांतही तसं घडत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात या आजाराशी संबंधित २८७ जागा आपल्या जनुकसंचात सापडल्या. बहुतेक जागांचा वाटा नखाएवढा. वेडाचं असं एक जनुक नाहीच.

यातली एक जागा मात्र मला विलक्षण वाटते. सहाव्या गुणसूत्रावर रोगप्रतिकारशक्तीची जनुकं दाटीवाटीने बसली आहेत. स्किझोफ्रेनियाशी सर्वांत ठळक संबंध याच भागाचा दिसत होता, पण नेमकं जनुक सापडत नव्हतं. २०१६ मध्ये हार्वर्डच्या स्टीव्हन मॅकॅरॉल यांच्या गटाने ते शोधलं: सी-४. ते हाती लागायला अवघड, कारण प्रत्येकाकडे त्याच्या प्रती वेगवेगळ्या. सी-४ए आणि सी-४बी असे दोन प्रकार. एखाद्या प्रकाराच्या कुणाकडे चार प्रती, कुणाकडे एकही नाही. शिवाय काही प्रती लांब, काही आखूड. लांब प्रतींत एका प्राचीन विषाणूचा तुकडा कायमचा शिरून बसलाय आणि ए-बी यांच्यातलं कुठलं प्रथिन किती बनणार, यावर त्याचा परिणाम होतो. ही सगळी गुंतागुंत सोडवल्यावर निष्कर्ष सरळ निघाला. मेंदूत सी-४ए जितकं जास्त, तितकी जोखीम जास्त.

प्रतिकारशक्तीच्या प्रथिनाचं मेंदूत काय काम? जंतू शरीरात शिरला की सी-४ त्याच्यावर खूण करायला मदत करतं आणि भक्षक पेशी तो जंतू गिळतात. मेंदूत अशीच खूण सिनॅप्सवर, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावर होते आणि मायक्रोग्लिया नावाच्या पेशी तो जोड खाऊन टाकतात. हे आवश्यकच असतं. लहानपणी सिनॅप्स भरमसाट तयार होतात. पुढे शेतकरी दाट उगवलेल्या रोपांची विरळणी करतो तशी त्यांची छाटणी होते. ज्या उंदरांत सी-४ नव्हतं, त्यांच्यात ही छाटणी कमी झाली. कपाळामागच्या भागात ती विशीपर्यंत चालू राहते, आणि आजारही बहुधा याच वयात डोकं वर काढतो. स्किझोफ्रेनियात ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असं अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्येच सुचवलं होतं.

नेमक्या याच वयात कॉलेजातलं पोर अबोल होतं, त्याला आवाज ऐकू येऊ लागतात, आणि घरचे करणी झाली म्हणून मांत्रिक गाठतात. उपचाराचे मोलाचे महिने तिथे वाया जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरीही हे थांबत नाही. दुसऱ्या टोकाला, थुंकीतली जनुकं तपासून मनाचं भविष्य सांगण्याचा दावा करणारे आहेत. सी-४ची सर्वांत जोखमीची रचनासुद्धा धोका साधारण १.३ पट करते. म्हणजे शंभरात एकाऐवजी हजारात तेरा. यावरून एकट्या माणसाचं भाकीत करता येत नाही.

शिवाय जोखमीच्या या रचनेला निव्वळ वाईट म्हणता येत नाही. २०२० मध्ये त्याच गटाने दाखवलं की स्किझोफ्रेनियाचा धोका वाढवणाऱ्या सी-४च्या रचना ल्युपस या आजाराचा धोका कमी करतात. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला सी-४ लागतं. ते कमी पडलं की कचरा साचतो आणि शरीर त्यालाच शत्रू समजू लागतं, असा कयास आहे. विशी ते पन्नाशीच्या वयात पुरुषांमध्ये सी-४ बायकांपेक्षा जास्त आढळतं. ल्युपस बायकांना कितीतरी अधिक का होतो आणि स्किझोफ्रेनिया पुरुषांना काहीसा अधिक का, याच्या उत्तराचा एक भाग इथे असू शकतो.